मोकळ्या वाटांचे मालक

बाबांची सायकल कधी फिरायला गेली नाही. ती स्टेशनावर जायची आणि स्टेशनावरून यायची. बावीस इंची, काळी, मागे रुंद कॅरिअर. पापडीहून वसई रोड स्टेशन गाठायचं, सायकल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि चर्चगेट लोकल पकडायची. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच सायकली कामावर असत. दूधवाल्याच्या दोन्ही अंगांना किटल्या, वाडीवाल्याच्या कॅरिअरवर केळीचा आडवा घड, पाववाल्याच्या मागे पेटी. मोकळी सायकल घेऊन कुणी निघालेला दिसला, की लोक काळजीनं विचारत, ‘काय रे, दवाखान्यात का?’

मी शिकले ती तासाच्या भाड्यानं आणलेल्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत. आईची अट एकच होती: एसटीच्या रस्त्यावर जायचं नाही. अर्नाळ्याची एसटी हा तिच्या लेखी यमदूतच. मुलग्यांना ही अट नव्हती, हे मला तेव्हाही खटकलं होतं. पण त्या अटीमुळे मी जो भूगोल शिकले, तो भावाला आजही येत नाही. तो हमरस्त्यानं गावं ओळखतो. मला सांडोर, गिरीज, निर्मळ ही गावं मागच्या दारानं माहीत आहेत.

वसईची पश्चिम पट्टी म्हणजे दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला रेल्वे. मधे वाड्या. हाताशी गोडं पाणी, म्हणून केळी, सुपारी, नारळ, पानवेल आणि फुलं. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, रहाटापासून निघालेला पाट. गावागावांत बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवून विहिरींना जिवंत ठेवणारी तळी. वाडीतल्या वाटा या सगळ्यातून अंग चोरत गेलेल्या असतात. बावखल आलं की वळसा, पाट आला की टाकलेली फळी, कुंपणाचा निवडुंग पुढे आला की तेवढ्यापुरती वाट अरुंद. लहानपणी वाटायचं, या वाटा सायकल शिकणाऱ्यांच्या परीक्षेसाठीच वाकड्या ठेवल्यात. खरं तर डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला पाय कुठे ठेवणं सोयीचं, एवढ्यावरून त्यांची रेघ ठरली होती. रहाट गेले, विजेचे पंप आले, वाटा मात्र अजून तशाच बैलांना टाळत वळतात.

आमच्या भागातून पहिली गाडी मुंबईला गेली ती 1867 साली, विरारहून. एक सकाळी जाणारी, एक संध्याकाळी परतणारी. तेव्हापासून वसईच्या गर्दीनं स्टेशनाकडे तोंड केलं ते केलंच. मीही पुढे त्याच गर्दीत सामील झाले. नोकरी, लग्न, विरार लोकलचा डबा, दाराशी उभं राहायचं की आत घुसायचं याची रोजची चढाओढ. बाबांची सायकल पडवीत भिंतीला टेकून गंजत राहिली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. फिरणं म्हणजे रविवारी रिक्षानं बाजारात जाऊन येणं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या हिरव्या पट्ट्यात इमारतींना मोकळीक मिळू लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. त्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते 2020 मध्ये महाराष्ट्रभर गाजले. आम्हाला मात्र ते आधीपासून ठाऊक होते ते मोर्च्यातले. तेव्हा मी तिशीच्या आत होते आणि ‘झाडांपेक्षा नळाला पाणी आलं तर बरं’ असं म्हणणाऱ्यांपैकी होते. नळाची निकड खरीच होती, ते मत मी अजून पूर्ण सोडलेलं नाही. पण स्टेशनाला पाठ करून दहा मिनिटं सायकल मारली की आजही सुपारीच्या सावलीत शिरता येतं, याचं श्रेय त्या मोर्च्यांना द्यावंच लागतं. महापालिकेनं रंगाचा पट्टा ओढून केलेला सायकल ट्रॅक आणि कुणीतरी भांडून राखलेली वाडी, यात मी डोळे मिटून वाडी निवडीन. पट्ट्यावर दुसऱ्याच दिवशी दुचाक्या लागतात.

पन्नाशीला टेकताना गिअरची सायकल घेतली. निमित्त 2020 च्या टाळेबंदीचं. त्या एप्रिलमध्ये अंबाडी रोडवर चिटपाखरू नव्हतं. आयुष्यभर हव्या असलेल्या निर्मनुष्य रस्त्याकडे मी गॅलरीतून पाहत होते आणि तो मला अजिबात नको होता. फुलं वाडीतच सुकत होती, दादरचा फुलबाजार बंद, भाजी उकिरड्यावर. रस्त्यावर वाहन नसणं आणि रस्ता मोकळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. सोनचाफा खुडून, पाट्या भरून बायका पहाटेच्या गाडीला गेल्या, की मागे जी वाट उरते ती मोकळी. त्यांचं काम आटोपलेलं असतं, म्हणून माझी सायकल तिथे कुणाच्या पायात येत नाही. निर्बंध उठल्यावर मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा समोरून फुलवाल्या येत होत्या, आणि सायकल कुंपणाला चिकटवून थांबताना मला बरं वाटलं.

मग मात्र मी झपाटल्यासारखी हिंडले. वसईच्या किल्ल्यात तर किती वेळा, मोजलं नाही. पोर्तुगीजांनी 1534 पासून दोन शतकं राखलेली आणि चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात घेतलेली ही जागा आता सायकलला अगदी योग्य आहे. चर्चच्या उंच भिंती, छपराच्या जागी आभाळ, आणि मधून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे गेलेला रस्ता. फक्त रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी वाट अडवतात. नवरदेवाच्या मागे धूर सोडणारा माणूस आला की मी सरळ मागे वळते.

मिठागरं मला उशिरा सापडली. नायगावच्या बाजूला खाजणात बांधच बांध, मैलभर नजर जाते, एक झाड आडवं येत नाही. हिवाळ्यात सकाळी आगरांवर धुकं, वर कुरव पक्षी. मी बेधडक एका बांधावर सायकल घातली, तर लांबून हाक आली, ‘ओ ताई, उतरा, उतरा!’ एक आगरी काका फावडं घेऊन आले. रागावले नाहीत, समजावलं. उधाणाच्या भरतीला खारं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत सोडत उन्हानं दाट करायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू द्यायचं. हा सगळा खेळ बांधावर उभा. चिखल चोपून केलेल्या त्या बांधावर टायरची चीर पडली की तिथून पाणी झिरपतं आणि दाट झालेल्या पाण्यात पातळ मिसळतं. ‘आमचा पंधरवडा जाईल तुमच्या व्यायामात,’ ते म्हणाले. मग स्वतःच दाखवलं, मीठ वाहायचा रुंद बांध कुठला, तो किती वाजेपर्यंत रिकामा असतो आणि पावसाळा संपल्यावर वाळून टणक व्हायला किती दिवस जाऊ द्यायचे. त्या दहा मिनिटांत जेवढा उपयोगी नकाशा मिळाला तेवढा मोबाइलनं कधी दिला नाही.

किनाऱ्याचा नकाशा तर रोज बदलतो. कळंबहून राजोडीच्या अंगाला ओल्या वाळूवर सायकल अशी पळते की हमरस्ता झक मारेल, पण ओहोटी असेल तरच. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाला समुद्र चढलेला. त्या दिवशी घरी झोपावं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला पाणी पार खाली आणि वाळू फरशीसारखी. परत आल्यावर चेन गोड्या पाण्यानं धुवायची आणि तेल द्यायचं, नाहीतर खार महिनाभरात गिअर खातो.

नालासोपाऱ्याला 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच परिसरात मिळाला. त्या लेखात सम्राट सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहलींना जात, आपण आता धर्मयात्रेला जातो. लोकांना भेटायचं, वडीलधाऱ्यांना दान द्यायचं, उपदेश करायचा. भुईगावच्या वाटेवर मला हे हटकून आठवतं, कारण नवव्या लेखाचा तुकडा तिथेच निघाला. शिकार वगळली तर मी बिनदिक्कत पूर्वीच्या राजांच्या बाजूची आहे. आमच्या घरात तर मौजेची फेरी मारणारं पहिलं माणूस मीच. बाबांनी मला पाहिलं असतं तर विचारलं असतं, ‘जाऊन काय आणलंस?’ त्यावर उत्तर म्हणून मी परतताना आगाशीची सुकेळी पिशवीत टाकते.

हल्ली हेल्मेटवाले सायकलस्वार मुंबईहून येतात. वसई-भाईंदर रो-रो 2024 मध्ये सुरू झाल्यापासून सायकलसकट खाडी ओलांडता येते. मी त्यांच्यातल्या एका टोळीला गिरीजच्या बाजूची एक अरुंद वाट दाखवली. पुढच्या रविवारी त्याच वाटेवर इतके जण, की चाफा खुडणाऱ्या मावशींना पाटी घेऊन बांधावर चढावं लागलं. ‘बाय, एसटी परवडली,’ त्या मला म्हणाल्या. तेव्हापासून विचारणाऱ्याला मी किल्ला सुचवते, तिथे जागा आहे.

भाची ऐकत नाही. ती माझ्याबरोबर येते, तिचं घड्याळ वाट नोंदवतं, आणि संध्याकाळपर्यंत ती रेघ कुठल्याशा ॲपवर सगळ्यांना दिसते. मी चिडले तर म्हणाली, ‘मावशी, वाट काय तुझी आहे का?’ माझी नाहीच. मग तिला खुडणीच्या वेळा लिहून दिल्या. त्याही तिनं ॲपवर टाकल्या, हे मानलं पाहिजे, आणि आता नऊच्या आधी तिथे फारसं कुणी येत नाही. तिथीचा हिशेब मात्र तिला अजून जमत नाही. पंचांग उघडायचाच कंटाळा. तेव्हा किनारा तूर्त माझ्याकडे आहे.