गप्प केलेली पिकअप

कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या सेवा रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. स्कॅनर लावणं, सेन्सर तपासणं, वायरिंगमधला तुटका धागा शोधणं हे रोजचं काम. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून धुळीनं एअर फिल्टर इतके लवकर चोंदायला लागले, की गाडी डिझेल जास्त खाते म्हणून कोणी आलं की मी आधी फिल्टरचा डबा उघडतो. भाजीवाले मामा पिकअप घेऊन आले तेव्हाही तेच केलं. फिल्टर स्वच्छ होता.

मामा कराडच्या मार्केट यार्डात भाजी भरतात, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकतात आणि येताना नारळ, सुकी मासळी, कधी जांभ्याचे चिरे घेऊन घाट चढतात. एरवी कराड-मलकापुरातल्या जवळच्या फेऱ्या. गाडी बीएस-६, सेकंडहँड घेतलेली. तक्रारी तीन-चार होत्या. डिझेल जास्त जातं. पोफळी सोडून घाटाला लागलं की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. क्लचचा वास येतो. आणि यार्डात नुसती उभी असताना मधूनच रेस आपोआप वाढते, सायलेन्सरकडून भाजल्यासारखा वास सुटतो.

"पण ओढायला कमी नाय हं," मामा म्हणाले. "चिरं भरल्यालं असलं तरी तिसऱ्यात चढती."

भरलेली पिकअप कुंभार्ली तिसऱ्यात चढते, हे मला पटेना. ते इंजिन मला माहीत आहे. कंपनीनं त्याला तेवढी ताकद दिलेलीच नाही.

स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. चालू नाही, जुना साठलेला नाही, काही नाही. इतक्या तक्रारी असलेल्या गाडीत ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, काहीच म्हणायचं नसावं, ही गोष्ट कोड सापडण्यापेक्षा जास्त काळजीची. मग चालू आकडे बघायला सुरुवात केली. इंजिन गरम, पाय हलका, अशा वेळी ईजीआर व्हॉल्व्ह थोडा तरी उघडायला हवा, म्हणजे जळालेला थोडा वायू परत आत घेऊन ज्वलनाचं तापमान खाली ठेवता येतं. इथे ईसीएमकडून व्हॉल्व्हला जाणारी मागणीच शून्य. रेस वाढवली, सोडली, पुन्हा वाढवली. शून्य. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी गाळणी, ती जाळून साफ करण्याचं काम ईसीएम अधूनमधून स्वतः करतो. साधारण काही शेकडो किलोमीटरनंतर व्हायचं ते काम ही गाडी फार थोड्या अंतरात पुन्हा पुन्हा काढत होती. यार्डातली वाढती रेस आणि वास त्याचाच.

मग मी एक साधी परीक्षा घेतली. चावी चालू ठेवून ईजीआरचं सॉकेट उपसलं. कुठल्याही धडधाकट गाडीत अशा वेळी डॅशवर पिवळा दिवा लागतो. लागला नाही. गाळणीच्या दाबाच्या सेन्सरचं सॉकेट उपसलं, गाडी चालू करून चक्कर मारून आणली. दिवा नाही, स्कॅनरमध्ये कोड नाही. वायर हातात लोंबते आहे आणि गाडी सांगते, सगळं ठीक आहे. तिथे माझी खात्री पटली. या गाडीत कुणीतरी फाईल मारली होती.

आमच्या भागात ट्यूनिंगला, रिमॅपला हाच शब्द आहे, फाईल मारणं. त्यात होतं काय, ते मामांना मी बसवून सांगितलं. विहिरीवरच्या ऑईल इंजिनापासून जुन्या जीपपर्यंत सगळं डिझेल यांत्रिक पंपावर चालायचं. जास्त ओढ हवी तर मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढायचं, मागून काळा धूर यायचा आणि अख्ख्या गावाला कळायचं. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेलची पहिली कार आली आणि पुढे सगळ्यांनी तेच घेतलं. आता एका नळीत हजार-दीड हजार बारपेक्षा जास्त दाबानं डिझेल तयार असतं आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते ईसीएम ठरवतो. ईसीएमच्या आत तक्ते असतात. पाय किती दाबला तर किती टॉर्क मागायचा, तेवढ्या टॉर्कला किती डिझेल, तेवढ्या डिझेलला किती हवा, हवा कमी असेल तर कुठे थांबायचं, इंजिन तापलं तर किती कमी करायचं. फाईल मारणारा लॅपटॉपवर हे आकडे वाढवतो आणि थांबायच्या जागा पुढे सरकवतो. ताकद खरोखर वाढते, त्यात फसवणूक नाही. पण क्लच, टर्बो, रेडिएटर, पिस्टन आहे तेच राहतात.

ताकद वाढवली एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. माझा राग आहे तो कोड बंद करण्यावर. गाडी कुरकुर करायला लागली की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून फाईल मारणारा त्या कुरकुरीचं तोंडच बांधून टाकतो. मग घाटात अपरात्री चाललेल्या माणसाला गाडी काहीही सांगत नाही, थेट बंद पडते. सॉफ्टवेअरला खोटं बोलायला शिकवता येतं हे जगाला सप्टेंबर २०१५ मध्ये कळलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या आपली तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालायच्या. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं, आणि भारतातही त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याचं जाहीर झालं. तिथे निदान तपासणाऱ्यालाच फसवलं होतं. इथे स्टिअरिंगवर बसलेला माणूसच फसला होता.

मामांनी पीयूसी काढून दाखवली. मुदत शिल्लक होती, आकडाही चांगला होता. ती खोटी नव्हती. डिझेलच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून रेस देतात आणि धूर मोजतात. बीएस-६ ला ०.७ ही मर्यादा आहे, बीएस-४ ला १.६२ होती. गाळणी जागेवर असल्यामुळे धूर अडत होता. ईजीआर बंद केल्यावर जे नायट्रोजनचे ऑक्साईड वाढतात, ते या तपासणीत मोजतच नाहीत.

मग मी ऑईलची पट्टी ओढली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं. मामा खूश झाले, ऑईल खात नाही म्हणून. मी पट्टी त्यांच्या नाकाशी धरली. डिझेलचा उग्र वास. दोन बोटांत घासलं तर ऑईलचा चिकटपणा नाही, पाण्यासारखं सुटतंय. गाळणी जाळायची म्हणजे ईसीएम सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतो, ते पुढे सायलेन्सरच्या वाटेवर जळून उष्णता देतं. पण जवळच्या फेरीत गाडी मध्येच बंद केली, की काम अर्धवट राहतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. फाईलमुळे काजळी जास्त, म्हणून जाळणं जास्त, म्हणून ऑईलमध्ये डिझेल जास्त. असंच चाललं असतं तर बेअरिंग गेली असती. त्याहून वाईट म्हणजे वर चढलेलं ऑईल ब्रीदरमधून हवेच्या वाटेत ओढलं गेलं, तर इंजिन त्याच ऑईलवर भडकतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. गाडी घेताना त्यांनी टायर बघितले होते, चॅसी बघितली होती, आरसी, एनओसी, इन्शुरन्स सगळं तपासलं होतं. सॉफ्टवेअर कोण बघतं?

"तुमीच लॅपटॉप लावून जरा कमी करा की," ते म्हणाले. "थोडी ताकद ऱ्हाऊ द्या."

मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या फाईलमध्ये कुठे काय बदललंय हे मूळ फाईल शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि कायद्यानंही ते बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाबाहेर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं बोट ठेवलं, तर मामांकडे उत्तर नसतं. या गाडीसाठी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आलेलं होतं. ते अधिकृत वर्कशॉपमध्ये ऑनलाइनच चढतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो.

तिथल्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, गाडीत फाईल आहे. अनेक जण हे लपवतात. काही ट्यूनर आपली फाईल कोणी काढू नये म्हणून कुलूप घालतात. माहीत नसताना वर लिहायला गेलं आणि अर्ध्यात अडकलं, तर ईसीएम काढून टेबलावर उघडावा लागतो. मशीननं आधी सॉफ्टवेअरचा नंबर वाचला. नंबर कंपनीचाच निघाला, जुन्या आवृत्तीचा. आतले आकडे तेवढे परके.

मग बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते. मामांची त्याच्या खाली होती. चार्जर लावला, व्होल्टेज १३ च्या वर स्थिर झाल्यावरच पुढे गेलो. पंखा, लाईट, टेप बंद. मोबाईलचा चार्जर काढला. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर भरलेला, म्हणजे लाईट गेली तरी तो चालू राहील. मामांना म्हटलं, आता दार उघडू नका, चावीला हात लावू नका. लिहिण्याआधी ईसीएम जुनं पुसतो. त्या काळात त्याच्याकडे ना जुनं असतं ना नवं, आणि वीज खाली गेली तर गाडी जागेवरून हलत नाही. स्क्रीनवरची पट्टी सरकत होती तोवर आम्ही कोणी काही बोललो नाही.

लिहून झालं. चावी बंद, थोडा वेळ थांबणं, पुन्हा चालू. चारही इंजेक्टरचे कोड बघितले, कारण प्रत्येक इंजेक्टरचा बारीक फरक त्या अक्षर-आकड्यांत असतो आणि अपडेटनंतर ते जुळवून घ्यावे लागतात. जुळत होते. गाडी चालू केली, वर्कशॉपला एक फेरी मारली, आणि डॅशवर पिवळा दिवा लागला.

मामांचा चेहरा उतरला. "चांगली गाडी बिघडीवली," ते मलाच म्हणाले. गाडीवर हप्ता आहे, दुसऱ्या दिवशीची भाजी ठरलेली आहे, आणि दिवा नसलेली गाडी आत नेऊन दिवा लागलेली बाहेर काढली. त्यांच्या जागी कोणीही तेच म्हणाला असता. मी स्कॅनर त्यांच्या हातात दिला. पी ०४०१, ईजीआरमधून वायू पुरेसा जात नाही. पी २४६३, गाळणीत काजळी साठली आहे. मला त्या दोन कोडांचा आनंदच झाला. त्या सकाळी पहिल्यांदाच गाडी स्वतःचं दुखणं स्वतः सांगत होती.

दुकानात आणून ईजीआरचा पाइप सोडला. दोन फ्लँजच्या मधे पत्र्याची चकती निघाली, कात्रीनं कापलेली, कडा ओबडधोबड, बोल्टची भोकं ड्रिलनं पाडलेली. एका बाजूला काजळीचा जाड थर, दुसरी बाजू जवळपास कोरी. सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पत्राही मारला होता. चकती काढली, व्हॉल्व्ह धुतला, नवं गॅस्केट घातलं. दाबाच्या सेन्सरची एक नळी वाळून तडकलेली होती, ती बदलली. ऑईल आधी काढलं, कारण तसल्या ऑईलवर गाळणी जाळायला लावणं धोक्याचं. नवं भरताना डीपीएफसाठी असतं ते कमी राखेचं ग्रेडच घेतलं. मग गाडी मोकळ्या जागेत, वाळक्या गवतापासून लांब उभी करून स्कॅनरवरून गाळणी साफ करायला लावली. सहाशे अंशांच्या आसपास तापमान चढतं, आसपास पोरं येऊ द्यायची नाहीत. दिवा गेला. खात्रीसाठी मी ईजीआरचं सॉकेट पुन्हा उपसलं. या वेळी दिवा लागला.

नंतर एकदा मी मुद्दाम मामांबरोबर चिपळूणला गेलो. येताना नारळ भरलेले होते. पोफळी गेली, घाट सुरू झाला आणि तिसऱ्यात गाडीनं दम सोडला. मामांनी माझ्याकडे न बघता दुसरा टाकला. वळणं संपेपर्यंत दुसराच. माझ्या मांडीवरच्या स्कॅनरवर पाण्याचं तापमान नव्वदच्या आसपास खिळलेलं होतं आणि क्लचचा वास नव्हता. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "मेंगळट झाली जरा." खोटं नाही. पहिल्यापेक्षा वेळ जास्त लागला होता. त्यांना पूर्वीच्या ओढीची सवय झाली होती आणि ती मोडायला काही दिवस जाणार. पण डिझेल कमी जातंय, हेही त्यांनीच पंपावर हिशेब लावून सांगितलं, आणि ऑईलची पट्टी आता दर आठवड्याला ते स्वतः बघतात.

नव्या सॉफ्टवेअरचा नंबर मी त्यांच्या जॉब कार्डवर लिहून दिलाय, आरसीबरोबर ठेवायला सांगितलंय. दुकानात सेकंडहँड पिकअप दाखवायला कोणी आणली, की आता टायर बघायच्या आधी मी एक सॉकेट उपसून दिव्याची वाट बघतो.

क्लच प्लेट मात्र राहिली आहे. फाईलच्या काळात ती घासली गेली आहे आणि बदलावी लागणारच. गणपतीच्या आधी कोकणात भाजी जोरात जाते, तेव्हा गाडी उभी करणं मामांना परवडणारं नाही. पितृपक्षात आणतो म्हणालेत. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचे दर मी काढून ठेवले आहेत.