भाच्याला नहरीत उतरायचं होतं

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळे आहात का?"

लेकरू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाची आठवण सहसा पेट्रोल संपलं की येते. म्हणून म्हटलं, किती पाहिजेत ते सांग. तर म्हणाला, "पैसे नकोत. आम्ही पाच जण नहरीत उतरणार आहोत. डोक्याला लावायचे लाइट घेतलेत, गमबूट घेतलेत. तुम्हाला जुन्या शहराची माहिती आहे, सोबत चला."

कुठली नहर, विचारलं. त्यानं रील पाठवली. एक पोरगा कमानीखालून अंधारात शिरतो, मागे धडधड संगीत, वर लिहिलंय "मलिक अंबरची ४०० वर्षांपूर्वीची नहर". मी ती रील तीनदा पाहिली. ती नहर नव्हतीच. जुन्या शहराच्या कडेचा, वरून स्लॅब टाकून झाकलेला नाला होता तो. मी ओळखला, कारण एकोणीस वर्षांचा असताना मी त्यात शिरलो होतो. ही गोष्ट आमच्या घरात आजवर कोणाला माहीत नव्हती. भाच्याला सांगितली, आता तुम्हालाही सांगतो. पावसाळा तोंडावर आहे आणि अशा रील रोज वाढतायत.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्या शहराच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींना एकच समजतात.

पहिली नहर. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालून पाणी गावात आणलं. ना पंप, ना मोटर. डोंगरात मुरलेलं पाणी भुयारात झिरपायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात यायचं. पाणचक्कीचं पाणीही असंच जमिनीखालून येतं, पण ती नहर वेगळी आणि नंतरच्या काळातली. या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडं ठेवलेली होती. हवा खेळावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यालाही कळत होतं की जमिनीखाली माणूस पाठवायचा तर आधी हवेची सोय करावी लागते.

दुसरी गोष्ट पावसाळी नाले. शहरातले बरेच नाले उत्तरेकडून खाली येत खामला किंवा सुखनाला मिळतात. काही आपण झाकले, काहींवर दुकानं बांधली, काहींवर गाड्या लावल्या.

तिसरी ड्रेनेज लाइन, म्हणजे मैला वाहून नेणारे पाइप आणि त्यांचे चेंबर. कागदावर नाला आणि ड्रेनेज वेगळे आहेत. प्रत्यक्षात कुठे काय कशाला जोडलंय हे वरून सांगता येत नाही. नाला म्हणून शिरलात तरी आत ड्रेनेजचा वायू भेटू शकतो.

आता माझी गोष्ट.

जुलै महिना होता. आम्ही तिघं मित्र. पैज लागली की त्या झाकलेल्या नाल्यात या टोकानं शिरायचं आणि त्या टोकानं निघायचं. अंतर दोनेकशे पावलं असेल. दोन सेलची एक बॅटरी आमच्याकडे. ऊन पडलेलं, पाण्याची नुसती धार, चप्पलही बुडत नव्हती. तिसऱ्या मित्राच्या पायात नव्या चपला होत्या, म्हणून तो बाहेर थांबला. त्या चपलांनी आमचे जीव वाचवले असं मी आजही मानतो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अंधार नाही, आवाज. स्वतःचाच आवाज लांबून परत येतो. अर्ध्याच्या पुढे गेलो असू. अचानक तोंडावर गार वारा आला. बरं वाटलं. मग डोक्यावरून ट्रक जावा तसा आवाज. आम्हाला वाटलं, वर रस्त्यावर ट्रकच आहे. तेवढ्यात मागून चपलावाल्याची हाक, "पाणी आलं रे, निघा!"

घोट्याएवढं पाणी गुडघ्याला यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मी वळून पाच-सहा पावलं टाकली असतील, तेवढ्यात. शहरात थेंब पडला नव्हता. पाऊस झाला होता वरच्या अंगाला, डोंगराकडे. मी भिंतीला बोटं रुतवत बाहेर आलो. मित्राचा पाय सटकला. पाण्यानं त्याला खाली ओढत नेलं आणि दुसऱ्या तोंडाशी कचऱ्यात अडकलेल्या लोखंडी सळ्यांवर नेऊन आदळलं. पाणी मागून रेटतंय, पुढे सळ्या, आणि डोकं जेमतेम वर. तिथं एक हातगाडीवाले चाचा होते. त्यांनी गाडीचा दोर सोडून फेकला. ते स्वतः उतरले नाहीत. उतरले असते तर दोघं गेले असते. चार लोकांनी मिळून ओढला. पाय मोडला होता. घरी सांगितलं, सायकलवरून पडला.

चाचा आम्हाला शिव्या देऊन झाल्यावर एकच वाक्य बोलले होते, "बेटा, बारिश उधर हरसूल में गिरती, पानी इधर मारता." या शहरातल्या नाल्यांबद्दल याहून मोठं शास्त्र मी नंतर कुठं वाचलं नाही.

भाचा फोनवर गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण तुमच्याकडे चांगला लाइट नव्हता. आम्ही तयारीनं जातोय." तेव्हा त्याला जे सांगितलं ते इथं क्रमानं लिहितो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय काळजी घ्यावी, याचं माझं उत्तर हेच आहे.

१. आकाश डोक्यावरचं बघू नका, उगमाकडचं बघा. खाम जटवाडा, हर्सूलच्या अंगानं येते. तिकडे ढग असताना इकडे ऊन असू शकतं. पावसाळ्यात पुलाखाली, नाल्याच्या तोंडाशी किंवा झाकलेल्या भागात शिरायचंच नाही. कोरड्या दिवशीही नाही.

२. गुडघाभर पाणी म्हणजे थोडं पाणी, हे डोक्यातून काढा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सिमेंटच्या गुळगुळीत तळावर, शेवाळ असताना, जोरात वाहणारं वीतभर पाणीही उभ्या माणसाला आडवं करू शकतं. पोहता येणं तिथं कामाचं नाही, कारण पोहायला जागाच नसते. आणि खालच्या तोंडाला जाळी असेल तर ती आधार नसते, सापळा असते.

३. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. मारणारा वायू तिथून पुढेच असतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस ओरडायच्या आधीच कोसळतो.

४. कंदिलाची युक्ती इथं चालत नाही. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. त्यातून फक्त ऑक्सिजन कमी आहे का ते कळतं, विषारी वायू कळत नाही. आणि ड्रेनेजमध्ये मिथेन असतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीनं भडका उडतो. काडी, बिडी, कंदील, काहीच नाही.

५. तोंडावर बांधलेला रुमाल आणि औषधाच्या दुकानातला मास्क वायू अडवत नाही. वायू मोजायचं यंत्र, बाहेरून हवा पुरवणारा मास्क, कमरेला पट्टा, त्याला दोर आणि दोर धरून वर थांबलेली माणसं, एवढं असल्याशिवाय प्रशिक्षित माणसानंही चेंबरमध्ये उतरायचं नसतं. पाच पोरं आणि पाच लाइट याला तयारी म्हणत नाहीत.

६. आत कोणी पडलं तर मागे उडी मारू नका. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरून दोर, साडी, शिडी, बांबू, जे मिळेल ते टाका. ११२ किंवा अग्निशमनला १०१ लावा. आत वायू असेल तर वाचवायला उतरलेला माणूस पहिल्याच्या शेजारी जाऊन पडतो.

हे शेवटचं आपल्या शहराला नवीन नाही. मार्च २०१९ आठवा. दुष्काळाचे दिवस. सुखनाच्या काठी चिकलठाणा, ब्रिजवाडीकडे ड्रेनेजचं पाणी शेताला घेण्याच्या खटपटीत शेतकरी चेंबरमध्ये उतरले आणि जीव गेले. ते काही रील बनवायला उतरले नव्हते. पीक वाळत होतं म्हणून उतरले होते.

मुंबईचं उदाहरणही ताजंच वाटतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून पाण्यातून चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. शिकलेला, जबाबदार माणूस, आपल्या घरी चाललेला. नाल्यात शिरायची हौस नसली तरी नाला तुम्हाला गाठू शकतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला अशा भुयारी नाल्यांत फिरणाऱ्या हौशी लोकांचा एक जुना गट आहे, १९८६ पासूनचा. तो त्यांचा छंदच. त्यांचाही पहिला नियम काय, तर पावसात नाला नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या देशात सिडनीजवळ २००८ साली दोन तरुण पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यातून वाहून थेट समुद्रात गेले. तिथल्या नाल्यात मैला मिसळलेला नसतो. आपल्याकडे ती खात्री कोण देणार?

भाच्याला शेवटी एक प्रश्न विचारला. तुम्ही हौसेनं ज्या ठिकाणी उतरणार, तिथं पोटासाठी कोण उतरतं? २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. तरी गुत्तेदाराचा माणूस बनियनवर, दोराशिवाय चेंबरमध्ये उतरताना तुम्ही-आम्ही पाहिलेलाच आहे. गाडी बाजूनं काढून पुढे गेलेलो आहोत. मीही गेलोय. तो माणूस "मी उतरत नाही" म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता. मग म्हणा की.

बराच वेळ फोन शांत. मग म्हणाला, "मग रविवारी काय करायचं? पोरं तयार आहेत."

म्हटलं, वरून चालू.

रविवारी सकाळी सहाला निघालो. हिमायतबाग, मग बेगमपुऱ्यातून पाणचक्की, महमूद दरवाजाच्या पुलावरून खाम बघत. नहरीचं पाणी कुठून येतं, उतार कसा साधला असेल, पाणचक्कीच्या हौदात ते कसं पडतं, सगळं वरून समजतं. पोरांनी मोबाइलवर उंची मोजून उतार काढायचा प्रयत्न केला. गमबूट कुणाचेच ओले झाले नाहीत.

परतताना आमच्या भागातून आलो आणि एक काम केलं. कुठल्या चेंबरवर ढापा नाही, कुठला तुटलाय, झाकलेल्या नाल्याचं तोंड कुठं उघडं आहे, याचे फोटो काढले, प्रत्येकाची जागा लिहून घेतली. दीड तासात सात ठिकाणं झाली. त्यातलं एक शाळेच्या वाटेवर. तिथं कोणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलीय, खूण म्हणून. पावसाचं पाणी साचलं की फांदी पहिली वाहून जाणार.

यादी सोमवारी संबंधित कार्यालयात दिली, पोच घेतली. मृग लागायच्या आत ढापे बसले पाहिजेत, नाल्याच्या तोंडाला माणूस आत जाणार नाही आणि कचरा उपसता येईल अशी जाळी पाहिजे. आणि ते काम करायला माणूस उतरवणार असाल तर साधनांसह उतरवा, हेही अर्जात लिहिलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहोत. काय झालं ते इथंच लिहीन.

तुमच्या गल्लीतही एक चक्कर मारा. उघडा चेंबर दिसला तर फोटो आणि जवळची खूण कमेंटमध्ये टाका, आम्ही यादीत घेतो. घरात सतरा-अठराची पोरं असतील तर ही पोस्ट त्यांना वाचायला द्या. रागावू नका, नुसतं विचारा, वरच्या अंगाला ढग आहेत का?

संध्याकाळी त्या जुन्या मित्राला फोन केला. म्हटलं, आपली गोष्ट लिहितोय. म्हणाला, "लिही. पण आमच्या आईला अजून सायकलच माहीत आहे."

काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, हे एक बरं आहे.