कोरडं तोंड

नैराश्यासाठी इमिप्रामिन सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोंड मात्र तिसऱ्याच दिवशी कोरडं पडलं. रात्री उठून तांब्यातलं पाणी प्यायचो आणि मनाशी म्हणायचो, औषध लागू पडतंय.

पुढे १९८६ सालचा एक अभ्यास वाचनात आला. रुग्णांना इमिप्रामिन, फेनेल्झिन किंवा औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली होती. कुणाला काय, हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. तरी औषध की प्लासिबो, हे ७८ टक्के रुग्णांनी आणि ८७ टक्के डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. काहींनी ते बरं वाटण्यावरून ओळखलं असेल. पण कोरडं तोंडही चुगली करतंच.

म्हणून काही चाचण्यांत प्लासिबोत अॅट्रोपिन घातलं गेलं. त्यानंही तोंड कोरडं पडतं. अशा ९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा औषध आणि त्या गोळीतला फरक थोडाच निघाला.

मी बरा झालो, हे खरं. त्यात गोळीचा वाटा किती आणि रात्रीच्या त्या तांब्याचा किती, हे मात्र मला कधीच कळणार नाही.