पिंगळीची पांदण

दिवाळीचा फराळ संपत आला की मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : सुट्टीत जायचे कुठे? मुलांना डोंगर हवा असतो, त्यांच्या आईला एखादे देवदर्शन झाले तर बरे वाटते, आजोबांचे गुडघे फार चालू देत नाहीत आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचे सगळे लक्ष पाकिटाकडे असते. मग माथेरान, महाबळेश्वर, अजिंठा अशी नावे निघतात, गाड्यांची आरक्षणे पाहिली जातात आणि शेवटी मंडळी घरीच राहून चिवड्याचा डबा रिकामा करतात.

अशा कुटुंबांना मी एक नाव सुचवतो : पिंगळी. कोकणातली कळसूत्री बाहुल्यांची पिंगुळी नव्हे, तर आमची, परभणी जिल्ह्यातली. परभणीहून पूर्णा जंक्शनकडे निघाले की लागणारे हे छोटेसे स्टेशन. एक्स्प्रेस गाडीच्या खिडकीतून त्याची पाटी पुरती वाचूनही होत नाही. तिथे पाहायचे काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एकच : नदीचे खोरे, आणि तेही पायी.

या रुळांचा जन्मच खोऱ्याच्या नावाने झाला आहे. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा हा मार्ग निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घातला गेला. त्याचे नाव होते 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे'. मीटर गेजची ती छोटी गाडी इतिहासजमा झाली आणि १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले. पण खोरे होते तिथेच आहे.

खोरे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये खळाळणारे पाणी असे चित्र येते. पिंगळीला उतरल्यावर तसे काहीच दिसत नाही. दिसते ती सपाट काळी जमीन, आणि एवढे मोठे आभाळ की शहरातली मुले प्रथम वरच पाहतात. हे खोरे इतके रुंद आहे की आपण त्यात उभे आहोत हे कळतच नाही. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा गावाच्या उत्तरेच्या अंगाने वाहते. जालन्याकडून येणारी दुधना तिला याच जिल्ह्यात मिळते, आणि पुढे कंठेश्वरापाशी पूर्णा स्वतःच गोदावरीच्या स्वाधीन होते. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणतात ते पुस्तकात. काठचा माणूस तिला 'गंगा' म्हणतो. जनाबाईचे गंगाखेड हे याच गंगेकाठचे.

परदेशांत अशा प्रदेशांना रीतसर उद्यानाचा दर्जा असतो. इंग्लंडमध्ये १९४९ साली कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे त्यांचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्यात डव्ह नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या पात्रात ओळीने मांडलेल्या दगडांवर पाय देत मुलेबाळे पलीकडे जातात आणि आईबाप काठावरून ओरडतात, तेही अगदी आपल्यासारखेच! या उद्यानात गावे आहेत, शेते आहेत, मेंढरे आहेत. माणसाला हुसकून लावून ते केलेले नाही. मात्र चालण्याचा हक्क तिथे कोणी आयता दिला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये शेकडो सामान्य लोक, त्यांत बरेचसे गिरणी-कारखान्यांतले कामगार, किंडर स्काउटच्या पठारावर मनाई मोडून चढले आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगवासही भोगला. १९४९ च्या कायद्याने जिल्हा-मंडळांवर एक जबाबदारी टाकली : आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करा.

हे वाचले तेव्हा मला आपला गावनकाशा आठवला. तलाठ्याकडच्या त्या नकाशात शेतांच्या मधून तुटक रेषा गेलेल्या असतात. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन असल्या तर गाडीवाट. हीच आमची पांदण; पुण्या-साताऱ्याकडचे लोक तिला पाणंद म्हणतात. दोन्ही अंगांना बोरी-बाभळी, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मध्ये गवताची पट्टी. उद्यानाची पाटी नाही, तिकीटखिडकी नाही. पण वाट सर्वांची.

गेल्या कार्तिकात आम्ही घरची पाच माणसे सकाळच्या उन्हात अशाच एका पांदणीने निघालो. सोयाबीनची काढणी झाली होती, कापसाची वेचणी चालू होती आणि तुरीला पिवळा फुलोरा आला होता. तारेवर नीळकंठ बसला होता. तो उडाला आणि त्याच्या पंखांतली निळाई एकदम उघडली, तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, हा रंग आधी कुठं लपवला होता?" वेडे राघू, भारद्वाज, पाण्याच्या डबक्याशी शेपटी हलवणारे धोबी, एवढी मंडळी तर पहिल्या तासातच भेटली.

माझा व्यवसाय भाषेचा, त्यामुळे पक्ष्यांबरोबर शब्दही गोळा होत होते. एका बाईंनी थोरल्याला सांगितले, "पाणी प्यायचं तर आखाड्यावर चला." चिरंजीव कुस्ती पाहायला मिळणार म्हणून टुणकन पुढे झाले. परभणीकडे शेतातल्या वस्तीला, गोठ्या-छपराला आखाडा म्हणतात, हे त्याला तिथे कडब्याच्या गंजीशेजारी उभे राहून कळले. शब्दकोशात वाचून तो हे विसरला असता. आता जन्मभर विसरणार नाही.

पुढे मात्र वाट संपली. संपली म्हणजे नांगरली गेली होती. चाकोऱ्या एका ढेकळांच्या रानात शिरून नाहीशा झाल्या होत्या. बांधावर, म्हणजे आमच्याकडे धुऱ्यावर, एक म्हातारे शेतकरी बसले होते. "आज्याच्या टायमाला इथून दोन गाड्या शेजारी-शेजारी जात व्हत्या, गुरुजी," ते म्हणाले. "ह्यानं एक तास वढला, त्यानं एक तास वढला. आता पावसाळ्यात कुनी बिमार पडलं तर बाजंवर घालून न्यावं लागतं." मग त्यांनी स्वतः उठून आम्हाला धुऱ्यावरून पलीकडे काढून दिले.

आमच्यासाठी ती वाट म्हणजे सहल होती. त्यांच्यासाठी ती दवाखाना, शाळा आणि बाजार होती. शेतात जायला वाट मिळावी म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ आहे, आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पांदण रस्त्यांची कामे हाती घेण्याचे ठरवले. कायदा आहे, योजना आहे. पण ज्या वाटेने कोणी चालत नाही, ती वाट कागदावर असूनही दुबळी होते. शहरातली कुटुंबे अशा वाटांनी हिंडू लागली, तर त्या वाटांना आणखी चार साक्षीदार मिळतील, एवढे खास.

पिंगळी गावात पिंगळेश्वराचे देऊळ आणि जुनी बारव आहे. सौभाग्यवतींचे देवदर्शन इथे होते आणि मुलांचा भूगोलही. परभणी जिल्हा बारवांसाठी नावाजलेला आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तर मुद्दाम जाऊन पाहावी. नदी लांब असेल तर पाण्याकडे पायऱ्या उतरून जायचे आणि पाणी खाली गेले की आपणही एक पायरी खाली जायचे, हा बारवेचा साधा हिशेब. बोअरवेलच्या काळात पाणी किती खाली गेले ते दिसत नाही. बारवेत ते पायऱ्या मोजून कळते.

पूर्णेचे पात्र लहान मुलांना एका दमात चालत जाण्याजोगे नाही. तेव्हा बरीचशी वाट वाहनाने जावे आणि शेवटचा टप्पा पायी करावा. वसमत रस्त्यावर राहटीपाशी नदी चांगली भेटते. परभणीच्या नळाचे पाणी याच नदीचे, पूर्वी राहटीच्या बंधाऱ्यातून आणि पुढे येलदरीहून आलेले. येलदरीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हापासून नदीचे वाहणे पावसाइतकेच धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहिले. काठच्या दरडीत काळ्या मातीखाली पिवळसर गाळ आणि चुनखडीचे खडे दिसतात. गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात प्राचीन हत्तींचे अश्मीभूत अवशेष सापडले आहेत, हे सांगताच आमची दोन्ही मुले दरडीकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली.

याच पूर्णेकाठी उखळद हे जैनांचे जुने क्षेत्र होते. तिथली नेमिनाथांची मूर्ती आता मिरखेलजवळच्या नवागडला आहे. मूर्तीच्या पायाच्या अंगठ्यात परीस होता आणि लोभी हात पुढे येताच तो नदीत उडाला, अशी आख्यायिका आहे. परीस कोणाला सापडला नाही. वाळूवर मात्र पुष्कळांची नजर पडली. ठिकठिकाणी वाळू उपसून पात्रात खोल खड्डे झालेले असतात आणि वरचे पाणी शांत दिसते. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे : मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. घोटाभर पाण्यापुढचे पाऊल पुरुषभर खोल असू शकते. धरणातून पाणी सुटले तर तेही अचानक चढते. काठावर बसा, पाहा, ऐका, तेवढे पुष्कळ आहे.

आणखी थोड्या सूचना. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा. काळी माती बुटाला अशी चिकटते की चालणाऱ्याची उंची वाढते आणि वेग सरतो. पायांत बंद जोडे असावेत आणि गवतात हात घालू नये, कारण घोणशीचे हे रान आहे. शेतात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे. नाही म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. तुरीची शेंगही न विचारता तोडू नये. बरोबर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी. रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. आणि चालायचे किती, हे घरातल्या सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसाने ठरवावे.

आपल्याला चालणे कोणी शिकवायला नको. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरपूरला जाते. तिच्यात साठी-सत्तरीची माणसे असतात आणि त्यांच्या पायांत साधी वहाण असते. दोन-चार मैलांची पांदण आपल्याला जड का व्हावी? या सुट्टीत पॅसेंजरचे वेळापत्रक पाहा आणि सकाळच्या गाडीने पिंगळीला उतरा. वाट विचारायला संकोच करू नका. तुमच्या गावाजवळ दुसरी नदी असेल तर तिच्याकडे जा, पण पांदणीने जा, आणि मुलांना पुढे चालू द्या.