परसातील अडुळसा

सांगलीच्या पेठेत हळदीची अडत चालवणाऱ्या एका एकत्र कुटुंबाच्या परसात अडुळशाचे जुने झुडूप आहे. शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून पूर्वी ते कुंपणाला लावीत.

घरातील कफाच्या खोकल्याचे औषध मोठ्या काकींच्या हाती असे. सूर्य मावळण्यापूर्वी त्या पाने तोडीत. प्रत्येक पान उलटून जीवजंतू नाही ना हे पाहीत आणि चार-पाचच घेत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य, म्हणून सावलीत वाळवलेली पाने डब्यात असत. दोन पेले गाळलेल्या पाण्यात पाने, चिमूटभर सुंठ व दोन मिरे घालून अर्धा पेला उरेपर्यंत उकळीत. वैद्य मध सांगत. पण या घरात मध वर्ज्य आणि ओले आलेही वर्ज्य. त्यांची जागा खडीसाखरेने व सुंठेने घेतली. काढा सकाळी आणि चौविहाराच्या आधी मिळे.

हा केवळ घरगुती समज नव्हता. आयुर्वेदात अडुळशाला ‘वासा’ म्हणतात व तो कास-श्वासावर देतात. त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या आधारे १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध आले. मात्र अडुळशाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गर्भवती सुनांना काकी तो कधीच देत नसत.

एका पावसाळ्यात पेढी सांभाळणाऱ्या पुतण्याला खोकला लागला. काढ्याने उतार पडे, पुन्हा उसळे. संध्याकाळी बारीक ताप येई, सदरा सैल होऊ लागला. दवाखान्याचा विषय निघाला की तो म्हणे, “काकी, तुमच्या काढ्याने बरे वाटते.” काकींनाही ते ऐकून समाधान वाटे. महिना असाच गेला आणि एके सकाळी थुंकीत रक्त दिसले. तपासणीत क्षय निघाला. घरातील लहान मुलांनाही तपासून घ्यावे लागले. सहा महिने एकही दिवस न चुकता गोळ्या घेतल्यावर पुतण्या पूर्ण बरा झाला. पण त्या एका महिन्याची बोच काकींच्या मनातून गेली नाही.

त्यांनी झुडूप तोडले नाही, काढ्याला मुदत घातली. “उधारी किती दिवस ठेवायची, हे तुम्ही पेढीवर ठरवता ना? मग खोकल्याचीही मुदत ठरवा. पंधरा दिवस. ताप, दम किंवा रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर.” दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास क्षयाची तपासणी करावी, असे सरकारी क्षयरोग कार्यक्रमही सांगतो.

आता काकी थकल्या आहेत. काढा सुना करतात. पाने अजूनही उलटून पाहिली जातात, खडीसाखरही तीच आहे. फक्त घरात कोणाला खोकला लागला की स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण केली जाते.