पडण्याची जागा

पुण्यात नोकरीस गेलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळी पैसे भरून कृत्रिम भिंत चढावयास जातो. बीडमध्ये बालाघाटच्या कुशीत वाढलेल्या त्याच्या आईने आम्हांला विचारले, "फादर, डोंगर फुकट असताना भिंतीला कशाला पैसं घालायचं?"

प्रश्न रास्त होता. खंडाळ्याची नागफणी पुण्याहून फार दूर नाही. परंतु सह्याद्रीचा काळा कातळ पावसाळ्यात निसरडा होतो, हाती धरलेला दगड कधी सुटून येतो. भिंतीवर दोर असतो, खाली गादी असते आणि दोर सांभाळणारा सोबती असतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, तोही कृत्रिम भिंतीवरच.

मात्र भिंतीवरचे रंगीत आधार कोणीतरी आधीच बसविलेले असतात. डोंगरावर ते स्वतः शोधावे लागतात, सुटा दगड पारखावा लागतो. ती पारख जाणत्याच्या सोबतीने कातळावरच येते.

हे ऐकून माउली हळूच म्हणाली, "अन् पडला तर?"

पैशांमागची खरी काळजी ही होती. आम्ही म्हणालो, "बाई, पडून पुन्हा उठता यावे, यासाठीच तर ती भिंत आहे."