खारी ते लंडन

भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव यांच्या शेजारी आमची खारी. एके काळी भाईंदर म्हटले की मिठागरे डोळ्यांपुढे येत. आता इमारती येतात. या इमारतींतून एक हिशेब मात्र घरोघर चालतो : "तिकडून इकडे यायला किती तास?" कारण मुले परदेशी आणि आईबाप तिसऱ्या मजल्यावर!

नुसते अंतर विचाराल, तर उत्तर सोपे आहे. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो सुमारे ७२०० किलोमीटर भरेल. पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. २०१९ साली पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले, तेव्हा कितीतरी विमानांना वळसा पडला. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे लंडनला जाताना बहुधा साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. घड्याळ आणखी गंमत करते. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास असते. म्हणून जाताना प्रवास चार-साडेचार तासांचा दिसतो आणि येताना चौदा-साडेचौदांचा!

पूर्वी सुएझमार्गे बोटीने जायचे, तर दोन-तीन आठवडे सहज मोडत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि प्रवास आणखी आखडला.

आमच्या शेजारचे आजोबा गेल्या पावसाळ्यात अत्यवस्थ झाले. लंडनच्या मुलाला फोन गेला. तिकीट मिळवून विमानात बसेपर्यंत सात तास, विमानात नऊ, सहारला तपासणी आणि सामान दीड तास, पुढे दहिसरची कोंडी पार करून खारीला पोचायला आणखी दीड. नऊ तासांची वाट एकोणीस तासांची झाली!

बोटीच्या काळी असा मुलगा वेळेवर येणार नाही, हे घरातले सगळेच जाणून असत. मन घट्ट करून पत्र लिहीत. विमानाने ती घट्ट मने सैल केली. आता "पोचेल" ही आशा असते, म्हणूनच एकेक मिनिट जिवाला लागते. त्या रात्री आजींनी भिंतीवरच्या घड्याळावरून नजर काढली नाही.

मुलगा आला. आजोबांनी त्याला ओळखले, त्याचा हात धरला. दीड तासाने ते गेले.

पुढे कोणीतरी हळहळले, "थोडा आधी यायला हवा होता."

आजी शांतपणे म्हणाल्या, "अहो, दीड तास मिळाला की! तेवढ्यासाठीच तर तो एवढ्या लांबून आला."